ठेंगण्या छताखाली मोटार उचलण्याचे साधन

आपल्या आदिलाबादच्या पेठेतील घरे पिढ्यान्‌पिढ्या एकाच हेतूने बांधली गेली. समोर दुकान अथवा पेढी, मागे वखार आणि वर राहण्याची जागा. मोटार ही या रचनेत मागाहून आलेली पाहुणी होय. साहजिकच तिच्या वाट्यास उरलेली जागा आली. कोठे पूर्वी पोती रचण्याची खोली मोटारीला दिली गेली, कोठे जिन्यालगतचा बोळ रुंद करण्यात आला, तर अलीकडच्या घरांत खांबांवर उचललेल्या इमारतीचा तळमजला तिला मिळाला. या सर्व जागांत एक गोष्ट समान आढळते. छत बहुधा आठ फुटांवर, फार तर नऊ फुटांवर असते, आणि मधले बीम त्याहूनही खाली उतरलेले असतात.

हल्ली कित्येक घरांत दोन वा तीन मोटारी असतात. घरातील एखाद्या मुलाला यंत्राची आवड असते, ओळखीचा मेकॅनिक घरी येऊन ऑइल बदलून देतो, ब्रेक पाहतो, पावसाळ्यानंतर तळाचा चिखल धुऊन गंज तपासतो. अशा घरांत मोटार उचलण्याचे फिरते यंत्र घ्यावे की काय, हा विचार आता बोलला जाऊ लागला आहे. जाहिरातींतील चित्रे मोहक असतात खरी. परंतु ती बहुधा परदेशातील प्रशस्त गॅरेजची असतात. जमीन अखंड काँक्रीटची, छत उंच, भिंती दूर. आपल्या घरी ते यंत्र आल्यावर काय होईल, हे चित्रावरून कळत नाही. या खरेदीत चूक झाली तर केवळ पैसे वाया जातात असे नव्हे. त्या मोटारीखाली कोणी तरी निजलेला असतो. कधी घरचा मुलगा, कधी दुसऱ्याच्या घरचा.

यंत्राचे तत्त्व मात्र आपल्या व्यापाऱ्यांना नवे नाही. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात मोकळी रुई दाबून १७० किलोची घट्ट गाठ बांधणारा प्रेस आणि मोटार उचलणारा जॅक हे एकाच कुळातले. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला. त्यावरून इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले, आणि १८५१ साली न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन याने उचलण्याच्या हायड्रॉलिक जॅकचे. मोटारीसाठी स्वतंत्र हायड्रॉलिक लिफ्ट अमेरिकेतील मेंफिस येथे पीटर लुनाटी याने १९२५ साली बनवली. न्हाव्याच्या दुकानातील वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून त्याला ती सुचली असे सांगतात. एक चौरस इंचाच्या दट्ट्यावर ५० किलोचा जोर दिला तर वीस चौरस इंचाच्या दट्ट्यावर १००० किलो तोलले जातात. मात्र फुकट काही मिळत नाही; लहान दट्ट्या वीस इंच सरकावा तेव्हा मोठा एक इंच वर येतो. आणि दुसरी गोष्ट, जिचा पुढे वारंवार संबंध येईल: हा सारा डोलारा तेलावर उभा असतो. रबराचे एक सील फाटले अथवा एक होज पाइप फुटला की तेल वाट काढते आणि भार खाली येतो. प्रेसमध्ये असे झाले तर गाठ सैल होते, इतकेच.

आता छताकडे वळू. बहुतेक लोक टेप घेऊन जमिनीपासून स्लॅबपर्यंत मोजतात आणि तो आकडा विक्रेत्यास कळवतात. मोजायचे ते बीमच्या खालच्या कडेपर्यंत. त्याहून खाली पंखा, ट्यूबलाइट, पाण्याचा पाइप वा शटरच्या रोलरची पेटी आलेली असेल तर तेथपर्यंत. डिक्कीचे दार वर उघडले की सहा फुटांच्या वर जाते, हेही ध्यानी ठेवावे. मोटार उचललेली असताना सवयीने कोणी डिक्की उघडली तर दाराची कड थेट बीमवर आदळेल.

उदाहरणादाखल हिशेब करून पाहू. स्विफ्टसारख्या लहान मोटारीची उंची सुमारे ५ फूट; इनोव्हा क्रिस्टाची ५ फूट ११ इंचांच्या आसपास; स्कॉर्पिओ-एनची ६ फूट १ इंच. बीमची खालची कड ८ फुटांवर आहे असे धरू आणि वर ६ इंच मोकळे सोडू. मग स्विफ्ट अडीच फूट उचलता येईल, क्रिस्टा १ फूट ७ इंच, स्कॉर्पिओ-एन केवळ १ फूट ५ इंच. छत ९ फुटांवर असेल तर प्रत्येकात एक फुटाची भर पडते. येथे पुष्कळांची फसगत होते. पत्रकात 'उचलण्याची उंची' म्हणून जो आकडा दिलेला असतो, तो यंत्राच्या टेकूचा जमिनीपासूनचा असतो, मोटार किती वर जाते त्याचा नव्हे. लहान मोटारीचा टेकूबिंदू मुळातच जमिनीपासून सात-आठ इंच वर असतो, उंच मोटारींचा त्याहून वर. म्हणजे टेकू २० इंचांवर गेला तर लहान मोटारीचे छप्पर वर जाते ते १२-१३ इंचच. चाके तर आणखी कमी उचलली जातात, कारण भार निघताच स्प्रिंगा सैलावून चाके तीन-चार इंच खाली लोंबतात. तेव्हा वीस इंच टेकूचे यंत्र ८ फुटांच्या छताखाली वरील तिन्ही मोटारींना खुशाल चालते. आणि ज्याला तीन-चार फुटांचे यंत्र हवेसे वाटते, त्याने ते अर्ध्यातच थांबवावे लागेल हे जाणून पैसे मोजावेत.

एका मोटारीच्या वर दुसरी उभी करण्याचे यंत्रही काही जण विचारतात. दोन सर्वांत बुटक्या मोटारी आणि मधले फळीचे जाड धरले तरी हिशेब साडेदहा फुटांच्या पुढे जातो. आपल्या घरांत तो विषय तेथेच संपतो.

ठेंगण्या जागेसाठी बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला, दोन लांबट चौकटींचा. या चौकटी मिटल्या असता सुमारे ३ इंच जाडीच्या असतात, मोटारीच्या दोन्ही बाजूंनी आत सरकवायच्या, आणि वेगळ्या पेटीतील मोटर-पंप होज पाइपने त्यांत तेल ढकलतो. टेकू दीड ते पावणेदोन फुटांपर्यंत जातो. मोटारीचा मधला भाग संपूर्ण मोकळा राहतो, हा याचा मोठा गुण. सायलेन्सर, ऑइलचा बोल्ट, गिअरबॉक्स सारे हाताशी येते. परंतु काम निजूनच करावे लागते. दुसरा प्रकार सिझर लिफ्टचा. कात्रीसारखे पाय उघडून ती टेकू तीन-चार फुटांवर नेते, बसून काम करता येते. मात्र तिचा सांगाडा मोटारीच्या पोटाखाली मधोमध येतो आणि नेमका हवा तोच भाग झाकतो. तिला चाके व ओढण्याचा दांडा असतो म्हणून तिला फिरती म्हणायचे. वजन काही शे किलो असते, आणि एकदा जागा धरली की ती बहुधा तेथेच राहते. टायर व ब्रेकचे काम ज्याला अधिक, त्याला ती बरी. तिसरा प्रकार दोन बुटक्या खांबांचा, जे काम नसताना काढून भिंतीशी ठेवता येतात. दिसण्यात तो सर्वांत सोयीचा. पण त्याचे खांब काँक्रीटमध्ये ठोकलेल्या बोल्टांवर उभे राहतात, आणि सारा भार त्या बोल्टांना उपटू पाहतो. तो घ्यावा की नाही हे छत ठरवत नाही, जमीन ठरवते.

आणि जमिनीविषयी आपल्याकडे सविस्तर बोलणे प्राप्त आहे. ज्या काळ्या मातीने आपल्या जिल्ह्याला कापूस दिला, आपल्या पेढ्या उभ्या केल्या, तीच माती घराच्या पायाखाली मोठी अस्थिर असते. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आटून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जाणता गवंडी म्हणूनच ती उकरून मुरूम भरतो आणि धुमस करून मग वर फरशी वा कोबा घालतो. परंतु मोटारीच्या जागेला हा मान क्वचितच मिळालेला असतो. ती जागा मागाहून निघालेली. तेथे कोठे दोन इंचांचा कोबा, कोठे वाळूवर टाकलेली तांडुरी वा शहाबादी फरशी. उभ्या मोटारीला ती पुरते, कारण मोटार चार रुंद टायरांवर भार टाकते आणि टायर नरम असतो. यंत्राचा लोखंडी पाय मात्र नरम नसतो. दोन टनांच्या मोटारीचा चौथा हिस्सा, म्हणजे पाचशे किलो, तळहाताएवढ्या जागेवर आला तर वाळूवरची फरशी तडकते. आणि ती तडकते तेव्हा मोटार एका कोपऱ्यावर कलते. दोन चौकटींचा प्रकार या बाबतीत उदार आहे, कारण त्याची बैठक लांब असून भार पसरतो. तरीही फरशीची जागा असेल तर चौकटीखाली जाड लोखंडी पट्टी अथवा जाड प्लायवुड अंथरावे.

जमीन तपासण्यास इंजिनिअरच हवा असे नाही. लोखंडी सळईच्या टोकाने फरशी ठोकत जावे. जेथे भरीव आवाज बदलून पोकळ येतो तेथे खाली माती खचलेली आहे. गवंडी ज्या पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढतात, तीच नळी दोन टोकांना धरावी. मोटार धुतल्यावर पाणी वाहून जावे म्हणून बहुतेक ठिकाणी जमिनीला फाटकाकडे उतार दिलेला असतो. शंभरास एक इतका उतारसुद्धा पंधरा फुटांत पावणेदोन इंच होतो. वर उचललेली मोटार त्या बाजूस सरकू पाहणार, हे उघड आहे. उतार लक्षात येण्याजोगा असेल तर तेवढ्या भागात सपाट, सळईचे काँक्रीट नव्याने घालून घ्यावे आणि ते अठ्ठावीस दिवस पक्व होऊ द्यावे. खांबांच्या प्रकाराला तर किमान चार-पाच इंच जाडीचे अखंड काँक्रीट लागतेच; जुन्या कोब्यात बोल्ट मारून देतो असे म्हणणाऱ्या विक्रेत्यास नमस्कार करावा.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भागातली. तेलंगणात कित्येक घरांचा पाण्याचा संप मोटारीच्या जागेखालीच असतो. वर चार इंचांचे झाकण-स्लॅब, त्यावर फरशी, त्यावर रोजची मोटार. वर्षे लोटली की खाली संप आहे याचा विसर पडतो, आणि घर विकत घेतलेले असेल तर ठाऊकही नसते. मोटार त्यावरून ये-जा करते म्हणून यंत्राचाही पाय तेथे टेकेल असे समजू नये. संपाची हद्द खडूने आखून घ्यावी व यंत्र तिच्याबाहेर राहते की नाही ते पाहावे. राहत नसेल तर ती जागा या कामाची नव्हे.

काही वडीलधारी मंडळी विचारतील, एवढा खटाटोप कशाला, जुन्या गॅरेजमध्ये असतो तसा खड्डा खणावा. छत ठेंगणे असले तरी खड्ड्याला त्याची अडचण नाही, हे खरे. पण काळ्या मातीतला खड्डा पावसाळ्यात पाझरतो, त्यात पाणी साचते, बेडूक-विंचवांसारख्या जीवजंतूंची वस्ती होते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती खड्ड्यात उतरून बसते. एका ठिणगीचा प्रश्न असतो. एलपीजीचेही तसेच. राहत्या घराखाली, वर मुलेबाळे निजलेली असताना, खड्ड्याचा विचार सोडून द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

मोटारीचे वजन हा पुढचा प्रश्न. त्यासाठी पत्रक चाळत बसण्याचे आपल्याला कारण नाही. आपण वजनकाट्याच्या गावचे लोक. कापसाची गाडी जेथे तोलतो त्याच काट्यावर मोटार उभी करावी. आधी पूर्ण मोटार, मग काट्याची कड सपाट असेल तर फक्त पुढची दोन चाके. दोन चिठ्ठ्यांवरून पुढे किती व मागे किती भार आहे ते कळते. इंजिन पुढे आणि पुढचीच चाके ओढणारी, अशा लहान मोटारींत भाराचा मोठा हिस्सा, बहुधा शंभरांत साठ, पुढे असतो. चार टेकूंपैकी पुढच्या दोहोंवर अर्ध्याहून कितीतरी अधिक ओझे येते, हे माहीत असलेला मेकॅनिक इंजिन वा गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी थबकतो. कारण तेवढे ओझे निघाले की तोल एकदम मागे जातो.

यंत्राची क्षमता मोटारीच्या वजनाच्या सव्वापट तरी असावी. १९०० किलोच्या मोटारीला २३७५ किलोचे यंत्र हवे. परदेशी पत्रकांत आकडे पौंडांत असतात: ५००० पौंड म्हणजे सुमारे २२७० किलो, आणि ७००० पौंड म्हणजे सुमारे ३१७५ किलो. अर्थात वरील मोटारीला पहिले थोडे अपुरे, दुसरे भरपूर. टनाचा घोटाळा तर व्यापाऱ्याने विशेष जपून पाहावा. आपला टन १००० किलोचा, अमेरिकेचा २००० पौंडांचा म्हणजे ९०७ किलोचा, आणि जुना इंग्रजी टन १०१६ किलोचा. जॅकवर '३ टन' छापलेले असेल तर कोणता टन, हे विचारण्यात संकोच कसला? स्टँडवर छापलेला आकडा तर अनेकदा एकाचा नसून जोडीचा असतो.

टेकू कोठे लागतो तेही पाहिले पाहिजे. स्विफ्ट, अर्टिगा यांसारख्या मोटारींना वेगळी चॅसिस नसते. दाराखालच्या पत्र्याच्या शिवणीवर दोन खाचांमधील जागा त्यासाठी मजबूत केलेली असते, आणि तेथे खाच पाडलेला रबरी ठोकळा लागतो. सपाट लोखंड लावले तर शिवण वाकते. क्रिस्टा, बोलेरो, स्कॉर्पिओ-एन यांना शिडीसारखी चॅसिस असते व ती दाराच्या कडेपासून बरीच आत असते. चौकटीचा टेकू तेथवर पोहोचतो की नाही, हे मोजूनच ठरवावे. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २४५० मिलिमीटर तर क्रिस्टाचे २७५०. दोन्ही मोटारींसाठी एकच यंत्र घ्यायचे असेल तर टेकूंमधील कमीत कमी व जास्तीत जास्त अंतर विक्रेत्याकडून लेखी मागवावे. विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या पोटात बॅटरी असते. तिला निर्मात्याने दाखवलेल्या जागांखेरीज कोठेही टेकू लावू नये. सिझर लिफ्टचा मधला सांगाडा अशा मोटारीखाली घालताना दहादा पाहावे.

विजेची बाजू सोपी वाटते, पण तिच्यात एक मेख आहे. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची. अमेरिकेतील नातलगाने पाठवलेले ११० व्होल्टचे यंत्र येथे तसेच लावता येणार नाही. १६ अँपिअरचा सॉकेट व खात्रीचे अर्थिंग हवे. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे पंपही मिळतात आणि वीज वारंवार जाते तेथे ते उपयोगी पडतात. मेख अशी. चांगल्या यंत्रात वर गेल्यावर लोखंडी खटका पडतो आणि मोटार तेलावर न राहता लोखंडावर बसते. हे असलेच पाहिजे, नसेल तर ते यंत्र हाती धरू नये. परंतु मोटार खाली घेताना तो खटका सोडवण्यासाठी ती आधी किंचित वर उचलावी लागते, आणि त्याला वीज लागते. मोटार वर असताना वीज गेली तर ती तशीच अडकून राहते. रात्री दवाखान्यात जाण्याची वेळ आली तर? म्हणून हातपंपाची सोय आहे काय, हे घेण्यापूर्वी विचारावे. खटके किती उंचीवर आहेत हेही पाहावे. ठेंगण्या छताखाली यंत्र पूर्ण उंचीवर जाणारच नाही. मधल्या उंचीवर खटका नसेल तर आपल्या घरी ते सदैव तेलावरच उभे राहील.

विकत घेतल्यानंतर कोण पाहणार, हा प्रश्न नागपूर वा हैदराबादच्या गिऱ्हाइकाला तितका भेडसावत नाही. आपल्यापासून नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर व हैदराबाद तीनशे. दोन्हीकडचा कारागीर एका सीलसाठी येण्यास कां-कूं करतो. सुदैवाने जिनिंग-प्रेसिंगचे हायड्रॉलिक पंप, सील व होज पाइप पाहणारे अनुभवी हात आपल्या गावात आहेत. त्यांच्यापैकी एकास खरेदीच्या वेळी सोबत न्यावे. सील प्रचलित मापाचे आहे काय, होजची जोडणी बाजारात मिळणारी आहे काय, हे तो एका दृष्टिक्षेपात सांगेल. दोन्ही चौकटी सारख्या वेगाने उठतात का, हेही त्यालाच पाहू द्यावे. तेलात हवा अडकली असेल तर एक बाजू मागे रेंगाळते, आणि ती हवा काढण्याची रीत त्याला पाठ असते. मान्यतेचे शिक्के पाहायचे तर युरोपात अशा लिफ्टसाठी ईएन १४९३ हे मानक आहे. शिक्का छापणे सोपे असते, तेव्हा प्रमाणपत्राची प्रत मागावी.

करासंबंधी एक शब्द, कारण हा प्रश्न हमखास निघतो. अशा यंत्रांवर १८ टक्के जीएसटी आहे. पेढीच्या नावे बिल घेऊन त्याची वजावट मिळेल काय? घरगुती वापराच्या वस्तूवर ती मिळत नाही. तेव्हा भाव ठरवताना कर हा खर्चच समजून चालावे.

आता खरे सांगायचे तर, ज्या घरी एकच मोटार आहे आणि तिची सर्व्हिसिंग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होते, त्या घरी यांपैकी काहीही घेऊ नये. चांगला ट्रॉली जॅक आणि त्यासोबत दोन मजबूत स्टँड पुरेत. केवळ ऑइल बदलण्यासाठी पुढची चाके चढवण्याचे दोन रॅम्प त्याहून स्वस्त, आणि छताला त्यांचा उपद्रव नाही. दोन-तीन मोटारी असून वर्षातून अनेकदा खाली जाण्याचे काम पडते, तेथे दोन चौकटींचे यंत्र आपल्या घरांना सर्वांत मानवेल. सिझर लिफ्ट ९ फुटांचे छत आणि पक्के काँक्रीट असेल तरच.

स्टँडबद्दल मात्र कंजुषी नको. केवळ जॅकवर तोललेल्या मोटारीखाली कोणीही, अगदी हात घालण्यापुरताही, जाऊ नये. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. विटांची चळत लावण्याची आपल्याकडची रीत तर प्राणघातक आहे. वीट दाबाखाली आधी वाकत नाही, सूचना देत नाही. ती एकदम फुटते. नव्या स्टँडवरही डोळे मिटून विसंबू नये. २०२० साली अमेरिकेतील एका मोठ्या दुकान-साखळीने आपले लाखो स्टँड परत मागवले, कारण त्यांचा दाता भाराखाली निसटू शकत होता. म्हणून मोटार खटक्यावर वा स्टँडवर बसल्यानंतर, खाली जाण्यापूर्वी, तिला बाजूने हाताने हलवून पाहावे. जमिनीवर टेकलेल्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. हँडब्रेक बहुधा मागच्याच चाकांना धरतो, आणि तीच वर उचलली तर त्याचा उपयोग उरत नाही. काढलेले चाक मोटारीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. सारे निकामी झाले तरी तेवढी जागा शिल्लक राहते. शटर बंद ठेवून इंजिन चालवू नये, कारण त्या धुरातील विषारी वायूला वास नसतो.

कामासाठी ड्रायव्हरला वा मेकॅनिकच्या पोराला खाली पाठवणार असाल तर ज्या काळजीने आपल्या मुलाचे स्टँड तपासले असते त्याच काळजीने त्याचे तपासावे, आणि तो खाली असेपर्यंत घरातील एक माणूस जवळ उभा असावा. लहान मुलांना तेवढा वेळ त्या बाजूला फिरकू देऊ नये. पंपाचे बटन त्यांना फार आवडते.

काम संपले की चौकटी पुसून भिंतीशी उभ्या कराव्यात आणि साखळीने अडकवाव्यात. एकेक चौकट ३५ ते ५० किलोची असते, तेव्हा हे दोघांचे काम. मे महिन्यात आपल्याकडील उन्हाने होज पाइप कडक होतात. पत्र्याच्या शेडखाली ते ठेवू नयेत, आणि दसऱ्याला यंत्रांची पूजा होते त्या सुमारास त्यांवर भेगा दिसतात का ते बोटाने चाचपून पाहावे.